काजळी

रंगाऱ्याने तिसरा हात मारून ब्रश डब्यावर आडवा ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "ताई, ही वर येणार बघा. काजळी आहे ती. कितीही हात मारा."

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. गावच्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करायचं वहिनीने मनावर घेतलं होतं आणि आंबे खायला म्हणून गेलेली मी त्यात ओढली गेले. चूल काढून बारा-तेरा वर्षं झाली. तिच्या जागी ओटा आला, ओट्यावर गॅस आला, भिंतीला आधी चुना, मग डिस्टेंपर लागलं. तरी चुलीच्या वर जिथे धूर वर्षानुवर्षं भिंत चाटत गेला, तिथे दर पावसाळ्यात एक तपकिरी पट्टा उगवतो. दादा म्हणतो, ओल आहे. आई असती तर एका शब्दात निकाल लावला असता.

मला हसू आलं. कारण रंगारी भिंतीकडे बोट दाखवून "काजळी" म्हणत होता आणि त्याच्या मागच्या खिडकीतून काजळीच दिसत होती. म्हणजे नदी. आमची वाडी काजळीच्या काठावर आहे.

रत्नागिरीकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आंबा घाटाच्या बाजूने उतरलेली ही नदी साखरप्यावरून खाली येते, अंजणारीला मुंबई-गोवा महामार्गाच्या पुलाखालून जाते आणि चांदेराई, सोमेश्वर करत भाट्याला समुद्राला मिळते. पावसाळ्यात चांदेराईच्या बाजारपेठेत पाणी शिरल्याची बातमी येते, ते पाणी हिचंच. रत्नागिरीत थिबा पॉइंटवर उभं राहिलं की खाली जी रुंद, आळसावलेली खाडी दिसते, तीही हीच. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता. १९१६ साली तो इथेच गेला. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने टेकडीवरच्या राजवाड्यातून या पाण्याकडे बघत काढली असणार. त्याला नदीचं नाव कुणी सांगितलं होतं की नाही, असा विचार मी लहानपणी फार करायचे. स्वतःचं राज्य हरवलेल्या माणसाला काजळी नावाची नदी मिळावी, हे मला तेव्हा फारच नाट्यमय वाटायचं.

अंजणारीत अंजन आहे आणि नदीत काजळ. व्युत्पत्तीवाल्यांनी माझ्या अंगावर येऊ नये, मी फक्त कानाला काय लागतं ते सांगतेय. नदीला हे नाव का, याचं आमच्या घरातलं उत्तर आजीचं होतं. दोन्ही काठांना झाडी, मधे गडद पाण्याची रेघ. डोळ्यात घातल्यासारखी दिसते म्हणून काजळी. "पण पावसात तर ती तांबडी असते," मी म्हटलं होतं. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चार महिने तांबडी, आठ महिने काळी. नाव जास्त दिवसांचं ठेवतात बाय."

आमच्या वाडीत वीज आली तेव्हा मी चौथीत होते. त्याआधीची सगळी वर्षं माझ्या वाट्याला एक काम होतं, कंदिलाच्या काचा पुसायचं. याचं कारण माझा कामसूपणा नव्हे. काचेच्या तोंडातून आत जाईल एवढा लहान हात घरात फक्त माझा होता. चुलीतली चाळलेली राख, जुन्या धोतराचा तुकडा आणि श्वासाची वाफ, एवढ्यावर काच लख्ख व्हायची. आत हात घालून फिरवताना काच करकरायची आणि अंगावर काटा यायचा. मनगटापर्यंत काळी झालेली मी मग उगाचच स्वतःला मिशा काढून घ्यायचे. हात लहान राहावा म्हणून वाढू नये, असं वाटायचे ते दिवस. आणि ज्या वर्षी हात आत जाईना, त्याच वर्षी खांबांवर तारा ओढल्या गेल्या.

कंदील हे घरातलं मानाचं पात्र. त्याखालची पायरी चिमणीची. मराठीत हा शब्द किती राबवलाय बघा: अंगणात दाणे टिपते ती चिमणी, पत्र्याच्या डबीत वात घालून केलेला दिवा ती चिमणी, गिरणीचं धुराडं ती चिमणी, आणि आता वहिनीने ओट्यावर बसवायला आणलेलं, बटण दाबलं की घोंघावणारं स्टीलचं खोकं तीही चिमणीच. यातल्या पत्र्याच्या चिमणीला काच नव्हती. ती भसाभसा धूर सोडायची. तिच्या उजेडात परवचा म्हणून सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं. सगळ्या वाडीची नाकं काळी असल्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे.

देवघरातल्या समईची काजळी आणखी वेगळी. तिथे वातीच्या टोकाला जळून जळून एक काळी गाठ धरते. ज्योत मग मंदावते, थरथरते, कडेला झुकते. आजीला ते लांबून कळायचं. "काजळी झाड गो जरा, दिवा रडतोय." मग काडीने ती गाठ हलकेच खाली पाडायची, वात पुढे सारायची, आणि ज्योत पुन्हा ताठ. पाटावर बसलेल्या आजोबांचा चेहरा त्या क्षणी उजळलेला मला अजून दिसतो. दिवा विझव म्हणायचं नाही, शांत कर म्हणायचं, हेही तिथेच शिकले. पण काजळी झाड म्हणायला हरकत नव्हती. तिच्या वाटेचं अभद्र कुणी मानत नसे.

आणि काजळ? तेही याच बाईच्या हातचं. एरंडेलाचा दिवा लावायचा, तीन दगडांवर तांब्याची ताटली उपडी घालायची, ज्योत जेमतेम तिच्या पोटाला लागेल एवढं अंतर ठेवायचं आणि झोपायला जायचं. सकाळी ताटलीच्या पोटावर मखमलीसारखा थर असे. बोट लावलं की बोटाच्या रेषा उमटाव्यात इतका मऊ. तो सुरीच्या पाठीने खरवडून लोण्यात घोटायचा, कधी कापराचा कण घालायचा, आणि पितळी डबीत भरायचा. रॉकेलची काजळी चालत नसे. "ती घाण," आजी म्हणायची, "हे काजळ."

एका वेलांटीचा फरक. वेलांटी काढली की डोळ्यात, दिली की काचेवर. मला हे मोठेपणी कळलं तेव्हा मी मोठ्या उत्साहाने वहिनीला सांगितलं की व्याकरणात काजळ नपुंसकलिंगी आणि काजळी स्त्रीलिंगी. काजळ मिरवायचं, काजळी घासायची. वहिनी म्हणाली, "मग? त्यात नवीन काय आहे?"

डोळ्यातल्या काजळाबद्दल आता मुलांचे डॉक्टर नाक मुरडतात. बोटावरची घाण आणि जंतू तान्ह्या डोळ्यात जातात, आणि सुरम्यात शिसं असू शकतं, ही कारणं खरीच आहेत. आमच्या घरात तडजोड झाली. पुतण्याच्या मुलीच्या डोळ्यात काही घालत नाहीत. कानामागे आणि तळपायाला तीट लावतात. देखण्या लेकराला मुद्दाम डाग लावायचा, म्हणजे बघणाऱ्याची नजर डागावर अडखळेल आणि लेकरू सुटेल, ही युक्ती ज्या कुणा बाईला पहिल्यांदा सुचली तिला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी मात्र बंद झाली याचं मला वाईट वाटत नाही. शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं, वास सुरेख. पण दार-खिडक्या लावलेल्या त्या खोलीत मी माझ्या बाळंतपणात सव्वा महिना काढलाय. बाळ आणि मी दोघंही खोकून खोकून बेजार.

आजीच्या दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, हिरवट निळं गोंदण होतं. तुळशीवृंदावन, काही ठिपके. तेही मुळात काजळीच, झाडपाल्याच्या रसात कालवून सुईने कातडीखाली घातलेली. काळी आत जाते आणि कातडीतून निळी-हिरवी दिसते. "सोनं इथंच काढून घेतात," ती म्हणायची, "हे बरोबर येतं." तसंच झालं. पाटल्या आत्याकडे गेल्या, गोंदण आजीबरोबर गेलं.

शाळेत विज्ञान शिकवताना मला एक गोष्ट वर्गात सांगायला फार आवडायची. (मी सव्वीस वर्षं शिक्षिका होते, त्यामुळे हे येणारच.) दिव्याची ज्योत पिवळी का दिसते? मुलं म्हणायची, आग पिवळीच असते. नसते. तेल तापून त्याची वाफ होते, ती अर्धवट जळते, आणि तिच्यातून कार्बनचे अतिसूक्ष्म कण सुटतात. ते कण ज्योतीच्या उष्णतेने लालबुंद-पिवळे होऊन चमकतात. तो चमकणारा पिवळा उजेड म्हणजे तापलेली काजळी. ज्योतीच्या वरच्या टोकाला पुरेशी हवा मिळाली तर ते कण तिथेच जळून संपतात. हवा कमी पडली, किंवा मधेच कुणी थंड चमचा धरला, तर जळायचे राहून जातात आणि काळे होऊन चिकटतात. मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नुसत्या एका मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांत हे करून दाखवलं होतं. मी वर्गात पणती आणि स्टीलचा चमचा न्यायचे. चमच्यावर काळा ठिपका उमटला की म्हणायचे, हा बघा, पकडला. आत्ताच हा उजेड होता.

उलट्या बाजूने बघायचं तर गॅस. त्याची ज्योत निळी, कारण तिथे हवा आधीच मिसळलेली असते आणि काजळी धरायला फारसा वावच राहत नाही. म्हणूनच तिच्यावर ठेवलेलं पातेलं स्वच्छ राहतं, आणि म्हणूनच वीज गेल्यावर गॅस पेटवून त्याच्या उजेडात पोथी वाचता येत नाही. मधल्या काळात आमच्याकडे वातीचा नव्हे, पंपाचा स्टोव्ह होता. तो नीट असला की निळा गुरगुरायचा. कचरा अडकला की पिवळा भडकून पातेल्याचं बूड काळं करायचा. मग आई पिन मारायची. स्टोव्ह पिवळा जळतोय हे ती झोपेतसुद्धा आवाजावरून ओळखायची.

१६ फेब्रुवारी १९८० ला काजळीचा भाव अचानक वाढला. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. खग्रासचा पट्टा खाली कारवार-अंकोल्याकडून जमिनीवर आला. आमच्याकडे खंडग्रास, पण चांगलंच मोठं. वाडीतली निम्मी माणसं दारं लावून बसली. गरोदर बायकांना तर हलायचीही बंदी. आम्हा पोरांसाठी मात्र काकाने फुटक्या खिडकीच्या काचा चिमणीवर धरून काळ्या करून दिल्या. एरवी पुसायची ती काजळी आज जपायची, बोट लावायचं नाही! त्या काचेतून मी सूर्याची कोर पाहिली. नारिंगी, नखाएवढी. आज मी कुणालाही असं करू देणार नाही. काचेवरचा थर सगळीकडे सारखा बसत नाही, आणि डोळ्यांना सुसह्य वाटलं तरी न दिसणारे किरण पुरेसे अडलेले असतीलच असं नाही. डोळ्याचा पडदा भाजताना दुखतही नाही, ही तर खरी फसवणूक. आम्ही वाचलो ते नशिबाने.

काकानेच तेव्हा सांगितलं होतं की विजयदुर्गावर साहेबाचे ओटे आहेत, तिथून गोऱ्या साहेबाने ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. अर्धं खरं आहे. नॉर्मन लॉकियर दुर्बिणी घेऊन विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. हेलियम ज्यावरून ओळखला गेला, ती सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेषा त्याच्या तीस वर्षं आधीची, १८६८ ची. त्या वर्षी १८ ऑगस्टच्या ग्रहणात फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते, आणि लॉकियरनी ऑक्टोबरात ती रेषा पाहिली ती इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाविनाच. तरी आमच्याकडे हेलियमचा जन्म विजयदुर्गावरच झालाय आणि त्याचा वाढदिवसही तिथे होतो. मी या दुरुस्तीचा एकदा घरात प्रयत्न केला. दादा म्हणाला, "आला ना साहेब? मग झालं तर."

आता भिंतीकडे वळते. मघापासून तिला टाळतेय.

जुन्या स्वयंपाकघराला धुराडं नव्हतं. धूर भिंतीवरून चढायचा, चुलीवर टांगलेल्या कामट्यांच्या ताटीतून जायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. सकाळी लांबून बघितलं की सगळ्या छपरातून वाफ निघतेय असं वाटायचं. त्या ताटीवर सुके बांगडे, सोलं, नारळाच्या करवंट्या, पावसाळ्यासाठी ओली लाकडं. भिंतीला राखेत कालवून थापलेल्या काकडीच्या आणि भोपळ्याच्या बिया, पुढच्या पेरणीच्या. धुराने त्यांना कीड लागत नसे. वासे आणि आढं इतके काळे आणि चकचकीत की जणू कुणी व्हार्निश दिलंय. तेही धुरामुळे टिकले. चूल गेल्यावर काही वर्षांत एका वाशाला भुंगा लागला आणि सकाळी ओट्यावर पिठासारखा भुसा पडू लागला, तेव्हा दादा म्हणाला होता, "धूर होता तोवर बरं होतं."

घराला बरं होतं. आईला नव्हतं.

तिच्या डोळ्यांत मी काजळ कधी पाहिलं नाही, धूर पाहिला. पावसाळ्यात लाकडं धुमसायची, ती फुंकणीने फुंकायची, पदराने डोळे पुसायची, पुन्हा फुंकायची. तव्याच्या बुडाला काजळीत ठिणग्या लुकलुकल्या की म्हणायची, "तवा हसला, आज कुणीतरी येणार." आणि कुणीतरी यायचंच, कारण आमच्याकडे रोजच कुणीतरी यायचं, आणि मग पुन्हा चूल. दुपारी अंगणात बसून ती पातेली घासायची. चुलीवर चढवण्याआधी बुडाला ओल्या राखेचा हात फिरवला तर काजळी सुटून येते. घाईत तो राहिला की संध्याकाळी नारळाच्या काथ्याने मनगट भरून येईस्तोवर घासायचं. तिच्या नखांच्या कडा कायम काळ्या. माझ्या लग्नात मेंदी लावायला बसवलं तर हात पदराखाली घेऊन म्हणाली, "माझ्या हाताला काय रंगणार आता?"

साठीनंतर तिला दम लागू लागला. शहरात नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि मला विचारलं, "या सिगारेट ओढायच्या का?" विडीला उभ्या आयुष्यात हात न लावलेली माझी आई खुर्चीवर बसून पिशवीचे बंद सारखे करत होती. तिला ऐकू गेलं की नाही, मला समजलं नाही. परतीच्या एसटीत मात्र हातखंब्याच्या जवळपास ती अचानक म्हणाली, "मी कसली सिगरेट ओढतेय?" आणि तोंडाला पदर लावून खूप हसली. हसता हसता खोकला लागला.

म्हणून महामार्गावर जागोजाग "चुलीवरचं जेवण", "चुलीवरची भाकरी" अशा पाट्या दिसल्या की माझा पाय ब्रेककडे जात नाही. चव असते, नाकारत नाही. पण त्या पाटीवर नऊवारीतली हसरी बाई चितारलेली असते; तिचे डोळे कोरडे असतात, आणि डोळ्यांत ठसठशीत काजळ.

भाषेनेही या शब्दाला दोन्हीकडे राबवलंय. डोळ्यात अंजन घालणारा तो हितचिंतक, आणि तोंडाला काळं फासणारा तो वैरी. हातात दोघांच्याही तीच पूड. सांज काजळते तेव्हा सुंदर, मन काजळतं तेव्हा वाईट. आता काळं फासण्याऐवजी शाई फेकतात, पण जुनी काळी शाई तरी कशाची? काजळीचीच. बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती तासन् तास खलायची आणि बोरूने लिहायचं. कार्बन उन्हाने उडत नाही. आमच्या माळ्यावर मोडीतल्या कागदांचा एक रुमाल आहे. कसरीने चाळणी झालेला, पण उरलेलं अक्षर काल लिहिल्यासारखं काळं. त्यात पणजोबांचा आणि शेजाऱ्यांच्या पणजोबांचा बांधावरच्या एका फणसावरून चाललेला तंटा आहे. फणस पडून चाळीस वर्षं झाली. तंटा सुरू आहे. कोकणात काजळी इतकी टिकाऊ नसती तर कोर्टातली निम्मी गर्दी कमी झाली असती.

(गाडीचं टायर काळं असतं तेही काजळी मिसळल्यामुळेच, रबर मुळात फिकट. हे वर्गात सांगितलं की मुलं घंटा होईपर्यंत विश्वास ठेवत नसत.)

आंबेवाल्यांच्या तोंडी हिची आणखी एक बहीण आहे. मोहोरावर तुडतुडे बसले की रस शोषतात आणि अंगातून चिकट पदार्थ सोडतात. पानं उन्हात तेल लावल्यासारखी चमकायला लागतात. आमच्याकडे म्हणतात, खार पडला. त्या गोडसर खारावर काळी बुरशी धरते आणि बघता बघता झाड चुलीवर धरल्यासारखं होतं. बोटाने पुसली तर निघते, पण कलमावरची पानं एकेक कोण पुसणार? पानाला उजेड मिळत नाही, फळाच्या सालीवर डाग, आणि डागी आंब्याला वाशीला भाव नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक दादाच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं असतं. त्या मे महिन्यातही मागची चार कलमं काळी पडली होती. दादा रंगाऱ्याला म्हणाला, "भिंतीचं सोड, त्यांना मारतोस का एक हात?"

मे संपत आला की भाट्याच्या वाळूवर काळे गोळे येऊन पडतात. बोटींमधून, तेलवाहू जहाजांमधून सांडलेलं तेल लाटांनी मळून मळून त्याचं डांबर होतं आणि वारा फिरला की किनाऱ्याला लागतं. सुरूच्या बनातून अनवाणी पळत गेलो की तळवे चिकट. आजी खोबरेलाने पाय चोळत पुटपुटायची, "समुद्राची पण काजळी आता." तांत्रिकदृष्ट्या चूक. मी तिला सुधारलं नाही, तेव्हा मला माहीतही नव्हतं, आणि आज माहीत असूनही तिचाच शब्द तोंडात येतो.

तर रंगारी. तो म्हणाला, आता एकच उपाय, प्लास्टर खरवडून काढायचं किंवा तेलकट प्रायमरचा हात देऊन डाग आतच कोंडायचा. पाण्याच्या रंगात काजळीतलं तेल उतरतं आणि पट्टा वर येतो. दुसऱ्या दिवशी प्रायमर आणायला तो रत्नागिरीला गेला. तो गेल्यावर मी खुरप्याचं टोक घेऊन एका कोपऱ्यात थोडं खरवडलं. आधी त्याचा पांढरा, मग डिस्टेंपरचा पिस्ता, मग चुना, आणि चुन्याच्या खाली काळं. ओलसर, चमकदार, आजीच्या ताटलीवरच्यासारखं मुळीच नाही, खडबडीत, जाड. बोट लावलं. वास अजून होता. धुराचा, आणि कुठेतरी सुक्या बांगड्याचा.

वहिनी मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं रागावेल, तिसरा हात खरवडला म्हणून. तिने माझं बोट पाहिलं, पट्टा पाहिला, टेप काढून भिंत मोजली. आई गेल्यापासून या स्वयंपाकघरात तीच राबतेय, हे मी विसरते.

"राहू दे तो प्रायमर," ती म्हणाली. "फ्रिज इथेच बसतोय."

मी बोट गाऊनला पुसलं. तो डाग दोन धुण्यांत गेला नाही.